वडिलांच्या डब्यातले गिरणीचे बिल्ले: ग्रेडिंगला माझा विरोध आहे

खाडीपलीकडची

यंदा पाऊस लागायच्या आधी बाबांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा माळ्यावरून खाली काढला. आत कंपनी सरकारचे 1835चे पाव आणे 17, मुंबई इलाख्याचा तराजूवाला एक पैसा, दोन ढब्बू, राणीछाप रुपये 4 (एकाला डाख लावून कडी जोडलेली, आत्याच्या गळ्यातला) आणि 21 पितळी बिल्ले. बिल्ले गिरणीतले. आधी आजोबा तिथे होते, मग बाबा. काही खानावळीचे, काही खात्याचे, नंबर ठोकलेले, सगळे 1947च्या आधीचे.

दादा म्हणतो, सगळं परदेशी ग्रेडिंगला पाठवू. तिथल्या कंपन्या नाण्याची झीज बघून 1 ते 70 मध्ये अंक देतात आणि प्लास्टिकच्या डबीत कायमचं सीलबंद करून परत पाठवतात. ही पट्टी विल्यम शेल्डनने 1949 साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी काढली. आमच्या 214 नंबरच्या बिल्ल्याची एक कड आजोबांच्या अंगठ्याने गुळगुळीत झालीय. त्या पट्टीवर ती नुसती झीज, अंक कमी. शिवाय बाबांनी प्रत्येक बिल्ला चिठ्ठीत गुंडाळलाय, कोणाकडून मिळाला ते लिहून. डबीत चिठ्ठी कुठे जाणार?

मी म्हणते, आहे तसं जपावं, अंक नकोत. पटत नसेल तर बोला.

जुना बाजार

नाही पटत. ताई, तुम्ही आहात तोवर ठीक. पुढच्या पिढीत तो डबा उघडणाऱ्याला 214 म्हणजे काय ते कळणार नाही. चिठ्ठ्या वाळवी खाईल, पितळ किलोवर भंगारात जाईल. मी स्वतः भंगारवाल्याच्या पोत्यातून बिल्ले वेचलेत, म्हणून सांगतो. डबीवर नाव, वर्ष, दर्जा छापलेला असला की नातू निदान दोनदा विचार करतो.

आणि बाजार नकलांनी भरलाय. 1818चा राम-सीता-हनुमानाचा 'ईस्ट इंडिया कंपनीचा अर्धा आणा' तुमच्याकडेही कोणी दाखवला असेलच. कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही. त्यालाच तांदूळ स्वतःकडे ओढणारं चमत्कारी नाणं म्हणून लाखांत विकायला निघालेले लोक मी पाहिलेत. तुमचं खरं आहे हे तिसऱ्याने सांगितलेलं बरं.

दर्यावर्दी

अरे मेल्यांनो, इतक्या डोक्याक ताप कित्याक? माझ्या आवशीन दर गणपतीक सगळे पैसे चिंचेन घासल्यान आणि खोबरेल लावून ठेवल्यान. अजून चकचकीत आसत. कायएक झाला नाय.

तांबेपितळ

दर्यावर्दी, हात जोडते, कोणाला असा सल्ला देऊ नका. चिंच, आमसूल, लिंबू, राख यांतलं काहीही लावलं की वरचा तपकिरी थर जातो. तो थर म्हणजे मळ नव्हे. शंभर वर्षांत धातूने स्वतःवर घातलेलं पांघरूण आहे ते, खालच्या तांब्याला तेच सांभाळतं. घासलेलं नाणं ग्रेडिंगला गेलं तर बहुतेक वेळा अंकच मिळत नाही, 'डिटेल्स, साफ केलेलं' एवढा शेरा येतो. म्हणजे दादाचे पैसेही पाण्यात. खोबरेलाचंही तेच. त्यातली आम्लं तांब्याशी मिळून हिरवा चिकट थर धरतात, आपल्याकडे पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना, त्याच जातीचा प्रकार.

खाडीपलीकडची, अंकांचं नंतर भांडा, आधी डबा बघा. समुद्राजवळच्या हवेत मीठ असतं, पावसाळ्यात दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या पुढे जातो. तांब्यावर गडद, घट्ट हिरवा थर असेल तर त्याला हात लावू नका. फिकट पोपटी भुकटी असेल, नखाने उडत असेल आणि पुसल्यावर काही दिवसांनी पुन्हा येत असेल, तर मात्र ती कीड समजा. मिठातलं क्लोराइड आत शिरलंय, ते दमट हवेत धातू पोखरत राहतं. असा तुकडा लगेच बाकीच्यांपासून वेगळा करून कोरड्यात ठेवा. पितळी बिल्ल्यांवर गुलाबी डाग दिसतायत का? दिसत असले तर पितळेतलं जस्त निघून जाऊन नुसतं तांबं उरलंय.

मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी पाकिटांत काही असेल तर आजच बाहेर काढा. ते प्लास्टिक जुनं झालं की आम्ल सोडतं. मायलरची (आम्ल न सोडणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकची) पाकिटं घ्या, हवाबंद डबा, आत सिलिका जेल. पाकीट स्टेपल करू नका, पिन गंजते. रुपयांच्या गठ्ठ्याला रबरबँड असेल तर तोही काढा, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

जुना बाजार

हे सगळं मान्य. पण जतन केलं म्हणजे ओळख पटली असं होत नाही. ग्रेड का नको, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

गिरणगावचा नातू

मी देतो. सगळ्यांनाच ग्रेड नको असं नाही. 1835चे पाव आणे तीन-तीन टांकसाळींतून अमाप पडले. कोकणात जुन्या घरी कौलं उतरवली की निघतात. त्यांचा अंक काढून काय मिळणार, ग्रेडिंगचा खर्चच जास्त. तराजूवाला पैसा चांगला असेल, 'अदल' (न्याय) ही फारसी अक्षरं वाचता येत असतील, तर तो जाणकाराला दाखवा. बिल्ल्यांचं मात्र वेगळंच आहे. तो नंबर म्हणजे एक माणूस. म्हाडाच्या गिरणी कामगारांच्या घरांचे अर्ज भरताना आमच्याकडे आख्ख्या पेट्या उपसल्या होत्या, हजेरी कार्ड कुठे, तिकीट नंबर कुठे. तेव्हा बिल्ला किती झिजलाय असं कोणी विचारलं नाही, हा कोणाचा, एवढंच विचारलं. ताईंच्या डब्यात ते चिठ्ठीवर लिहिलेलं आहे. ग्रेडवाला बिल्ला बघेल, चिठ्ठी बघणारच नाही.

आणि दादाला एक सांगा. 1972च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं नाणं ही पुरावस्तू आहे, ते खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. राणीछाप रुपये पार्सल करून परदेशी पाठवायचा बेत असेल तर तो आधी सोडा.

जुना बाजार

कायद्याचं बरोबर. ग्रेडिंगसाठी बाहेर पाठवा असं मी म्हणालोही नव्हतो, इथेही तपासून देणारे आहेत. चिठ्ठीचं मात्र माझं चुकलं, तिचा विचार मी केला नव्हता. तरी भंगारवाल्याची भीती मला आहेच, ती तुम्ही कोणी घालवली नाहीत.

तांबेपितळ

त्यासाठी अंक नकोत, वही हवी. प्रत्येक बिल्ल्याचे दोन्ही बाजूंचे फोटो, वजन, व्यास, नंबर, चिठ्ठीवरचा मजकूर जसाच्या तसा. मूळ चिठ्ठ्या आम्लरहित कागदाच्या वेगळ्या पाकिटात, धातूला चिकटून नकोत. एक प्रत घरी, एक बाहेर कुठेतरी. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, अशा ठिकाणी नोंद दाखवता येईल.

दर्यावर्दी

माझ्या आवशीक सांगलंय. ती म्हणता, मगे गणपतीत देवाफुडे काळे पैसे मांडूचे काय?

खाडीपलीकडची

दर्यावर्दी, आईंना सांगा, पूजेचे पैसे घासा, फक्त जपायचे आणि पूजेचे वेगळे ठेवा.

काल डबा बघितला. पोपटी भुकटी तीन पाव आण्यांवर आहे, बिल्ल्यांवर नाही. दोन बिल्ले गुलाबी झालेत. रबरबँड होताच, तो ओढताना तुटला आणि रुपयावर काळी रेघ राहिली. ती आता तशीच राहू दे.

तराजूवाला पैसा मी दादाला देतेय, त्याने तो रत्नागिरीत कोणा जाणत्याला दाखवावा. बिल्ले देणार नाही. वही आजपासून लिहायला घेतली, पण पहिल्याच चिठ्ठीवर अडलेय. बाबांनी लिहिलंय, 'नंबर 88, सोमा, खानावळ, चार आणे उसने, राहिले.' सोमा कोण ते आत्यालाही आठवत नाही. कडीच्या रुपयाचं तिला विचारलं तर म्हणाली, कडी काढायला आलीस तर हात मोडीन, यंदा गणपतीत मी घालणार आहे.