शेवभाजीत गोळी मिसळून दारू सुटत नाही

रावेरची लेक
काल आपल्या गटात एक पोस्ट फिरली. "नवऱ्याला न सांगता रोज शेवभाजीत गोळी कुटून टाकली, दारू सुटली, बहिणींनो तुम्हीही करा." खाली बायकांची रांग लागलीय, गोळीचं नाव सांगा म्हणून. राहवत नाही, म्हणून लिहिते.

माझ्या भावावर हाच प्रयोग झाला. वहिनीने कोणाच्या तरी जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून डायसल्फिराम नावाची दारू सोडवायची गोळी आणली. एका हळदीच्या रात्री भाऊ मित्रांबरोबर बसला आणि घटकाभरात तोंड लालभडक, उलट्यांवर उलट्या, छातीत धडधड, बीपी उतरलेलं. ही गोळी पोटात असताना दारू गेली की दारूचं शरीरात होणारं पचन अर्ध्यावर अडतं आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य साचतं. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत धोका राहू शकतो. ज्याला हे माहीत आहे आणि जो स्वतः रोज घेतो, त्याला तिचा उपयोग होतो. ज्याला पत्ताच नाही, त्याचा जीव जाऊ शकतो.

भाऊ वाचला, पण घरचं ताट त्याने सोडलं. बाहेरच खायचा, बाहेरच प्यायचा. दवाखान्याचं नाव काढलं की उठून चालू लागायचा.

मग घरात ठरलं, संध्याकाळी वाद घालायचा नाही. दुकानातली त्याची उधारी आम्ही फेडायची नाही. मुकादमाला "ताप आलाय" असं खोटं सांगायचं नाही. शुद्धीत असेल त्या सकाळी मामा येऊन बसायचे, केळीच्या भावावर बोलायचे आणि उठताना एवढंच विचारायचे, "येतो का दवाखान्यात? मी आहे बरोबर." डॉक्टरांशी आधीच बोलणं झालं होतं. एक दिवस ट्रक भरताना हात थरथरले, चारचौघांत घड खाली पडला. तो घरी येऊन बसला. मामा म्हणाले चल, आणि तो गेला. होकार आला की त्याच दिवशी नेता आलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी तो होकार उरत नाही.

धरणगावचा नाना
ताई, तुमच्याकडे वेळ होता. आमच्या वडिलांच्या होकाराची वाट बघता बघता त्यांचं लिव्हर गेलं. रक्ताच्या उलट्या व्हायला लागल्यावर जळगावला नेलं, जिवंत परत आणलं नाही. व्यसनमुक्ती केंद्राची गाडी बोलवून रात्री उचलून नेऊ, असं मी म्हणत होतो. आई म्हणाली, बापाचे हात बांधशील का? मी तेव्हाही त्या गाडीच्या बाजूने होतो, आजही आहे. नुसतं दखत बसानं का? आणि पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पाठवा असं कोणी सांगू नका. सालदाराच्या घरातून पुण्याचं भाडं निघत नाही.

अमळनेरचा मास्तर
मूळ रोग कोणी बोलतच नाही. गावच्या बायका दारूबंदीसाठी मतदान करून बाटली आडवी करतात, आणि रस्ता ओलांडला की ढाब्यावर तीच बाटली उभी. आधी ते बंद करा.

मुक्ताईनगरचा टाळकरी
गोळी नको, गाडी नको. तुळशीची माळ घाला. आमच्या दिंडीत असे कितीतरी आहेत ज्यांना गावाने ओवाळून टाकलं होतं. माळ घातली, भजनात बसले, आज पोरांची लग्नं करून मोकळे झाले. मुक्ताईच्या दारात सुटते ती कायमची सुटते.

चोपड्याची सून
दादा, कायमची म्हणू नका. माझ्या सासऱ्यांना कार्तिकीला माळ घातली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्त्यांच्या डावावर बसले आणि प्यायले. गावाने काय केलं? "माळेला बट्टा लावला" म्हणून पारावर बसू देईनात. तेव्हापासून एकच वाक्य, "देवाचीच शपथ मोडली, आता डॉक्टर काय करणार?" दारू एकदा पुन्हा घेतली म्हणून माणूस पापी झाला, आणि पाप्याला औषध कशाला? आमचा उपचार अडलाय तो या शरमेपायी.

मुक्ताईनगरचा टाळकरी
माणसाने माळ मोडली, तर दोष माळेचा का? चार पुस्तकं वाचली की वारकऱ्यावर बोट ठेवायचं, ही फॅशन झालीय.

चोपड्याची सून
मी सातवी शिकलेली आहे. पुस्तकं वाचून बोलत नाही, रोज रात्री ओट्यावरून सासऱ्यांना उचलून आत आणते म्हणून बोलते. माळेला मी हात जोडते. तिच्या नावाने त्यांना वाळीत टाकणाऱ्यांना जोडणार नाही.

अमळनेरचा मास्तर
आमच्याकडे तर माळ घातलेलेच बाटली आडवी करायच्या मतदानाला...

मुक्ताईनगरचा टाळकरी
मास्तर, तुम्ही मध्ये पडू नका.

धुळ्याची समुपदेशक
मी या कामात आहे, म्हणून माळेवरच एक गंभीर गोष्ट सांगते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका दिवसात घरीच तोडली, मग माळ घालून असो की खोलीत कोंडून, तर पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. तिसऱ्या दिवसाच्या आसपास भास होतात, माणूस भिंतीवरचे किडे वेचायला लागतो. घरचे त्याला बाहेरची बाधा समजतात. यात मृत्यूही होऊ शकतो. म्हणून आधी दवाखाना.

नानांच्या प्रश्नाला रस्ता आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूमुळे होणारे मानसिक विकार धरले आहेत. स्वतःच्या जिवावर उठला असेल, दुसऱ्यावर हात टाकत असेल किंवा स्वतःची काळजीच घेऊ शकत नसेल, तर त्याच्या प्रतिनिधीच्या, म्हणजे बहुधा घरच्याच माणसाच्या, अर्जावर, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून, त्याच्या होकाराशिवायही ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. पण नोंदणी असलेल्या संस्थेतच. रात्री गाडी आणून हात बांधणाऱ्यांना हा कायदा परवानगी देत नाही.

रावेरच्या ताईंनी केलं, तसंच घरच्यांना शिकवायची एक पद्धत अमेरिकेत न्यू मेक्सिकोत तपासली गेली. १९९९ साली निकाल छापून आला. त्या पद्धतीने शिकवलेल्या कुटुंबांतली शंभरात ६४ माणसं उपचाराला आली. सगळे नातेवाईक एकदम जमून जाब विचारतात त्या पद्धतीत ३० आली. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, मनाच्या आजारांसाठी टेलिमानस १४४१६.

धरणगावचा नाना
शंभरातले ६४. उरलेल्या ३६ त माझा बाप होता. कायद्याचं हे कलम तेव्हा गावात कोणी सांगितलं असतं, तर मी अर्ज केला असता. एवढं मानतो. उचलून न्यावं लागतं, हे मी सोडत नाही.

मुक्ताईनगरचा टाळकरी
आकडीचं मला ठाऊक नव्हतं. ठीक आहे, आधी दवाखाना. पण ताई, तुमच्या ३० दिवसांनंतर तो घरी येतो. संध्याकाळी सात वाजता त्याला कुठे बसवता? तिथे तुमचा डॉक्टर नसतो, आमचा हरिपाठ असतो.

धुळ्याची समुपदेशक
त्या सातच्या वेळेला आमच्याकडे खरंच माणूस नसतो, हे मान्य. हरिपाठात बसवा. डॉक्टरांची गोळी चालू असेल तर "आता माळ आहे, गोळी कशाला" म्हणून बंद करायला लावू नका. आणि मध्ये एकदा प्यायला, तर पारावरून उठवू नका.

मुक्ताईनगरचा टाळकरी
उठवणार नाही. चोपड्याच्या ताई, सासऱ्यांना आधी डॉक्टरकडे न्या. दिंडीतला कोणी बरोबर हवा असेल तर सांगा, पाठवतो.

चोपड्याची सून
उद्या सकाळी शुद्धीत असतील तेव्हा विचारते. तुम्हीच फोनवर बोला त्यांच्याशी, माझं ऐकणार नाहीत.