एकाच कंपनीशी करार नको, तारा नेण्याचा मार्ग (डक्ट) सर्वांना खुला ठेवू या

अ-३०२ (सोमवार, रात्री ९.१०)
सर्व सभासदांना नमस्कार. येत्या रविवारच्या विशेष सभेत इंटरनेटचा विषय आहे, म्हणून माझे म्हणणे आधीच सविस्तर मांडते. औसा रोडने आपल्या कोपऱ्यापर्यंत दुसऱ्या एका कंपनीची फायबर केबल येऊन थांबली आहे आणि दोन्ही विंगमध्ये ती आणण्याची लेखी परवानगी त्यांनी मागितली आहे. हे कळताच सध्याच्या केबलवाल्यांनी प्रस्ताव दिला, की पुढची तीन वर्षे दुसऱ्या कोणालाही इमारतीत येऊ दिले नाही, तर सीसीटीव्हीचे आणि ऑफिसचे अशी दोन कनेक्शन ते मोफत देतील. या प्रस्तावाला माझा स्पष्ट विरोध आहे.

आज आपण ५० एमबीपीएस वेगासाठी महिना ७०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ८२६ रुपये भरतो. दोन मोफत कनेक्शनमुळे सोसायटीचे महिन्याला १६५२ रुपये वाचतील, हे खरे आहे. पण ४८ पैकी ४० फ्लॅटमध्ये कनेक्शन आहे आणि दुसरी कंपनी आल्यामुळे प्रत्येकाचे बिल नुसते शंभर रुपयांनी उतरले, तरी महिन्याला ४००० रुपये आपल्या घरात राहतात.

बिल उतरेल ही आशा मी हवेत बांधलेली नाही. जिओफायबर ५ सप्टेंबर २०१९ रोजी सुरू झाले, तेव्हा त्यांचा सर्वांत खालचा प्लॅन ६९९ रुपयांचा होता. वर्षभराने, १ सप्टेंबर २०२० पासून त्यांनी ३९९ रुपयांत ३० एमबीपीएस देऊ केले. त्याच महिन्यात एअरटेलने ४९९ रुपयांत ४० एमबीपीएसचा प्लॅन आणला आणि ऑक्टोबरमध्ये बीएसएनएलचा ४४९ रुपयांचा प्लॅन आला. महिना-दीड महिन्यात तिघांनी दर खाली आणले, ते एकमेकांकडे बघूनच. आपल्या इमारतीत एकच तार असल्यामुळे त्या दरांचा आपल्याला काही उपयोग झाला नाही.

अ-३०२ (रात्री ९.२४)
आणखी एक सांगायचे आहे आणि ते माझ्या घरातले आहे. मुलगी नीटची तयारी करते. मागच्या महिन्यात दुपारी दोन वाजता तिची ऑनलाइन टेस्ट सुरू झाली आणि बावन्नाव्या प्रश्नाला पान अडकले. वरच्या कोपऱ्यातले घड्याळ मात्र चालूच होते. मी टेरेसवर गेले. पाण्याच्या टाकीमागे जो पत्र्याचा डबा आहे, त्याचे दार सुतळीने बांधलेले होते, आतल्या स्विचचा, म्हणजे सगळ्या फ्लॅटना इंटरनेट वाटणाऱ्या यंत्राचा, एकही दिवा लागलेला नव्हता आणि आदल्या रात्रीच्या वळवाचे पाणी डब्याच्या तळाशी साचलेले होते. तक्रार लगेच नोंदवली, तरी माणूस तिसऱ्या दिवशी आला. ज्या लातुरात मुलांना शिकवण्यासाठी आईवडील दुसऱ्या जिल्ह्यांतून येऊन खोल्या करून राहतात, तिथे तीन दिवस इंटरनेट नसणे ही लहान गोष्ट नाही. दुसरी तार असती, तर मी त्याच आठवड्यात कंपनी बदलली असती, आणि आपण बदलू शकतो हे त्यांना माहीत असते, तर माणूस बहुधा त्याच दिवशी आला असता.

ब-४०१ (रात्री ९.४०)
ताई, तुमच्या अनुभवाबद्दल मला मनापासून वाईट वाटते, परंतु स्पर्धेवर एवढा विश्वास ठेवू नये, असे माझे मत आहे. ज्या २०१६ साली एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ सुरू झाले आणि ३१ मार्च २०१७ पर्यंत लोकांना डेटा फुकट मिळाला. पुढे व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एकत्र आल्या, बाकीच्या काही लहान कंपन्या बंद पडल्या आणि जुलै २०२४ मध्ये उरलेल्या तिन्ही खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात मोबाईलचे दर वाढवले. आज नवी कंपनी स्वस्त देईल, जुन्याला पळवून लावेल आणि नंतर वाढवेल. मग आपण कोणाकडे जाणार?

अ-३०२ (रात्री ९.५८)
सर, तुमची शंका रास्त आहे आणि म्हणूनच जुन्यांना काढून नव्यांना आणा, असे मी म्हणत नाही. दोघांनाही राहू द्यावे आणि उद्या तिसरा आला तर त्यालाही येता यावे, एवढेच म्हणते. मोबाईलमध्ये २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, त्यामुळे दर वाढले तरी ग्राहकाच्या हातात काहीतरी असते. घरच्या इंटरनेटमध्ये सिम नसते, तार असते, आणि ती तार आपल्या जिन्यातून, आपल्या परवानगीने येते. दर काय असावेत हे आपण ठरवू शकत नाही. कंपनी बदलण्याची वाट मोकळी ठेवायची की तीन वर्षे बंद करायची, हे मात्र आपणच ठरवणार आहोत.

ब-१०४ (मंगळवार, सकाळी ७.०५)
मी दूरध्वनीच्या लाइनवर अनेक वर्षे काम केलेले असल्यामुळे तांत्रिक बाजू थोडी सांगतो. तांब्याच्या जोडीवर ब्रॉडबँड होते, तेव्हा घर टेलिफोन एक्स्चेंजपासून जितके लांब, तितका वेग कमी मिळत असे. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसलाही, म्हणजे सुमारे पाव एमबीपीएसलाही, ब्रॉडबँड म्हटले होते, आणि ती किमान मर्यादा २ एमबीपीएसवर २०२३ मध्ये आली. आपल्या इमारतीत आज जे आहे ते अर्धेच फायबर आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसेल. टेरेसपर्यंत काचेची तार आहे, पुढे स्विचमधून प्रत्येक फ्लॅटला तांब्याची लॅन केबल उतरते. त्या स्विचला वीज लागते, म्हणून टेरेसची लाइन गेली की घरात इन्व्हर्टर असूनही नेट बंद पडते, आणि मे महिन्यात वीज कडाडली की स्विच जळतो. फायबर थेट घरात आली तर एका तारेतून अनेक घरांना जोडणी देणाऱ्या मधल्या स्प्लिटरला वीज लागतच नाही आणि काचेतून विजेचा धक्का पुढे जात नाही. फक्त घरातल्या छोट्या डब्याला आणि राउटरला बॅटरी लावली, की लोडशेडिंगमध्येही काम चालते. त्या डब्यावर ‘लॉस’ नावाचा लाल दिवा लुकलुकू लागला, तर बाहेर तार तुटली आहे असे समजावे. राउटर बंद-चालू करण्यात वेळ घालवू नये.

एक सावधगिरीही सांगतो. घरात आलेला फायबरचा वेग आसपासच्या घरांत वाटला जातो, म्हणून कंपनीला विचारून घ्यावे, की एका स्प्लिटरवर ३२ घरे जोडणार की ६४.

अ-२०१ (सकाळी ७.३१)
काका, तार आणण्याऐवजी एअरफायबर, म्हणजे टॉवरवरून बिनतारी येणारे घरचे इंटरनेट, घेता येणार नाही का? म्हणजे डक्टचा प्रश्नच राहणार नाही.

ब-१०४ (सकाळी ७.४४)
जरूर घेता येईल. जिओने ती सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये मोठ्या शहरांत सुरू केली. पण तिचा वेग टॉवरच्या सिग्नलवर आणि त्या टॉवरवर त्या वेळी किती लोक आहेत यावर ठरतो. ज्यांच्या खिडकीला सिग्नल चांगला आहे, त्यांनी अवश्य घ्यावी. तीही एक स्पर्धाच आहे.

अ-१०३, सचिव (सकाळी ८.१५)
सर्वांचे म्हणणे वाचले. मोफत कनेक्शनमुळे सोसायटीचा खर्च वाचेल, असे सुरुवातीला मलाही वाटले होते. आता दोन गोष्टींची काळजी वाटते. तीन कंपन्यांनी जिन्यात तीन ठिकाणी भोके पाडली आणि तारा भिंतीवर लोंबकळू लागल्या, तर पुन्हा रंगाचा खर्च येईल. दुसरे म्हणजे, सध्याचे केबलवाले याच भागातले आहेत, रात्री-अपरात्री फोन उचलतात. त्यांच्यावर अन्याय झाला, असे होऊ नये.

अ-३०२ (सकाळी ८.४०)
त्यांच्यावर अन्याय मलाही नको आहे. त्यांनी फ्लॅटपर्यंत फायबर दिली, तर मी स्वतः त्यांच्याकडेच राहीन. तारांसाठी मीटर रूमपासून चौथ्या मजल्यापर्यंत सोसायटीनेच एक पाइप टाकावा, प्रत्येक मजल्यावर एक बंद पेटी बसवावी आणि जी कंपनी येईल तिने त्यातूनच तार न्यावी, तिच्या नावाची पट्टी लावावी आणि भिंतीला हात लावू नये. इमारतीतले जाळे सर्व कंपन्यांना भेदभाव न करता वापरता यावे, असे दूरसंचार नियामक ट्रायनेही २०१७ च्या शिफारशींत म्हटले आहे. ठरावाचा मसुदा असा सुचवते: “कोणत्याही एका कंपनीशी एकाधिकाराचा करार करण्यात येऊ नये, अटी पाळणाऱ्या प्रत्येक कंपनीस सामायिक पाइपमधून जोडणी देण्यास परवानगी असावी, कोणाकडून सेवा घ्यायची, हे प्रत्येक सभासदाने स्वतः ठरवावे.”

ब-४०१ (सकाळी ९.०२)
अशा शब्दांत ठराव येणार असेल, तर माझा पाठिंबा आहे. त्यात एवढे वाढवावे, की सेवा सोडणाऱ्या कंपनीने आपली तार महिन्याच्या आत काढून न्यावी.

ब-१०४ (सकाळी ९.१०)
पाइप किती लागेल, ते शनिवारी सकाळी सात वाजता दोन्ही विंगमध्ये मोजून देतो. टेप माझ्याकडे आहे. सचिवांनी मीटर रूमची किल्ली शुक्रवारी रात्री माझ्याकडे पाठवावी आणि तरुण मंडळींपैकी एकाने दुसरे टोक धरायला यावे.

अ-२०१ (सकाळी ९.१२)
काका, मी येतो.