मलावीत क्लोरोक्विन पुन्हा लागू पडले, ते कसे?

प्रश्न
मी गडचिरोली जिल्ह्यात हिवतापाच्या रक्तपट्ट्या तपासतो. हिवतापाच्या परजीवीच्या व्हायवॅक्स आणि फॅल्सिपेरम या दोन जाती आम्हाला दिसतात. व्हायवॅक्स आढळल्यास क्लोरोक्विन हे औषध दिले जाते, फॅल्सिपेरमला मात्र नाही, कारण तो त्याला दाद देत नाही. आफ्रिकेतल्या मलावी या देशाने १९९३ मध्ये क्लोरोक्विन बंद केल्यावर काही वर्षांनी तेच औषध फॅल्सिपेरमवर पुन्हा लागू पडू लागले, असे वाचनात आले. बदललेले जनुक पूर्ववत होते का? आणि होत असेल, तर आपल्याकडे का होऊ नये?

प्रतिसाद १
परजीवी हिमोग्लोबिन पचवताना सुटणारे विषारी हीम (हिमोग्लोबिनचा लोहयुक्त भाग) स्फटिकांत बांधून ठेवतो; भिंगाखाली आपल्याला दिसणारे तपकिरी-काळे कण ते हेच. क्लोरोक्विन ही बांधणी अडवते. परंतु फॅल्सिपेरमच्या सातव्या गुणसूत्रावरील पीएफसीआरटी (pfcrt) जनुकात बदल होऊन त्याच्या प्रथिनात ७६व्या जागी लायसिन या अमिनो आम्लाऐवजी थ्रिओनिन आले, की परजीवीची अन्नपोकळी (जिथे तो हिमोग्लोबिन पचवतो) औषध बाहेर टाकू लागते. या बदलाने प्रथिनाचे मूळ काम बिघडते, त्यामुळे औषध नसताना असा परजीवी मागे पडतो. मलावीतल्या नमुन्यांत हे उत्परिवर्तन १९९२ साली सुमारे ८५ टक्के होते, २००० साली १३ टक्के उरले.

प्रतिसाद २
वरील विवेचनाला एक महत्त्वाची जोड द्यावीशी वाटते. मलावीत जनुक पूर्ववत झाले नाही, तर औषधाच्या माऱ्यातून तगून राहिलेले मूळ परजीवी पुन्हा वाढले. प्रतिरोधक परजीवींमध्ये या जनुकाच्या आसपासचा भाग जवळपास एकसारखा असतो, कारण ते मोजक्या पूर्वजांपासून पसरले. परत आलेल्यांत मात्र तोच भाग नाना प्रकारचा आढळला, आणि मला हा पुरावा निर्णायक वाटतो. शिवाय तिथे एकाच माणसाच्या रक्तात फॅल्सिपेरमचे अनेक वाण (उपप्रकार) एकत्र नांदतात, त्यामुळे दुबळा वाण झपाट्याने हटतो. आपल्याकडे व्हायवॅक्ससाठी क्लोरोक्विन चालूच असल्याने औषधाचा दाब कधी पुरता उठलाच नाही. त्यातच भारतात याच प्रथिनातल्या ७२ ते ७६ या पाच जागांवरची अमिनो आम्लांची प्रचलित मांडणी आफ्रिकेतल्या मांडणीहून वेगळी आहे, म्हणून तिचा परजीवीला पडणारा भार तेवढाच असेल असे गृहीत धरू नये.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. मिश्र लागण दिसली तर आम्ही फॅल्सिपेरमचेच उपचार देतो. पण व्हायवॅक्सच्या गर्दीत फॅल्सिपेरमच्या दोन-चार बारीक अंगठ्या (परजीवीची अंगठीसारखी दिसणारी कोवळी अवस्था) नजरेतून सुटल्या, तर त्या रुग्णाला नुसते क्लोरोक्विन मिळते आणि नेमका प्रतिरोधक वाण तगतो, हे आता उमगले. यापुढे व्हायवॅक्स दिसताच पट्टी न काढता भिंगाखालची शंभर दृष्टिक्षेत्रे पुरी पाहीन.