'अवधाण', 'लस' आणि 'प्रतिकारशक्ती' : अर्थ आणि वापर

माळरान :
धाकट्याच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. काटा निघाला, पण जखम चिघळली आणि तिसऱ्या दिवशी जांघेत सुपारीएवढी गाठ आली. सासूबाई म्हणाल्या, "अवधाण आलंय, पाय बरा झाला की बसेल." डॉक्टरांनी 'लिम्फ नोड सुजलाय' असं सांगितलं आणि इलाज पायाच्या जखमेवरच केला. अवधाण हा शब्द तुमच्याकडे आहे का? अवधाण आणि काखमांजरी एकच का? आणि लिम्फला पुस्तकात 'लसीका' म्हणतात, त्यातली लस आणि टोचायची लस यांचं काही नातं आहे का?

सूक्ष्मदर्शी :
दोन्ही वेगळी. काखमांजरी हे काखेतलंच गळू, तिथेच उठतं, तिथेच पिकतं. अवधाण मात्र दुसरीकडच्या दुखण्यामुळे येतं. जखम पायाला तर गाठ जांघेत, जखम हाताला तर काखेत. हा संबंध जुन्या माणसांनी अचूक हेरला आणि त्याला स्वतंत्र शब्द दिला, याचं मला फार कौतुक वाटतं. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, आणि लसीकाग्रंथींचा धडा याच शब्दाने सुरू करते.

आत काय चालतं ते सांगते. टाचेत शिरलेल्या जंतूंना आधी तिथल्या भक्षक पेशी गाठतात आणि गिळतात. पू म्हणजे मुख्यतः या कामात मेलेल्या पांढऱ्या पेशी. त्याच वेळी काही पेशी जंतूंचे तुकडे घेऊन लसीकावाहिन्यांतून जांघेतल्या ग्रंथीत पोचतात. तिथे लसीकापेशींची दाटी असते आणि त्यांतल्या प्रत्येकीची ओळख ठरलेली असते, एकीला एक तुकडा जुळतो, दुसरीला दुसरा. हा तुकडा जुळणाऱ्या पेशी फार थोड्या. पण जुळल्या की त्या भराभर विभागतात, एकीच्या हजारो होतात. रक्तातून येणाऱ्या इतर पेशीही तिथेच थांबवल्या जातात. ग्रंथी फुगते, ठणकते ती त्यामुळे. म्हणजे अवधाण हे शरीर कामाला लागल्याचं लक्षण. गाठ शेकत किंवा चोळत न बसता डॉक्टरांनी जखमेकडे पाहिलं ते योग्यच. काटा लागला आहे तर धनुर्वाताचा डोस कधी झाला होता तेही बघून घ्या.

पण प्रत्येक गाठ अवधाण नसते. मानेवर ओळीने उठणाऱ्या गाठींना 'गंडमाळा' म्हणतात, आणि त्या बऱ्याचदा क्षयाच्या असतात. जवळपास जखम नाही आणि गाठ दोन-तीन आठवड्यांत बसत नाही, तर घरच्या निदानावर थांबू नये.

आणि जांघेतली सगळ्यात भीतीदायक गाठ प्लेगची. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा त्याला 'गाठीचा ताप' आणि 'ग्रंथिक सन्निपात' असे शब्द होते. पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून गाठ जांघेत. जागा अवधाणाचीच, पण आतला प्रकार उलटा. प्लेगचा जंतू भक्षक पेशींच्या पोटात मरत नाही. तो त्यांच्यासोबत ग्रंथीपर्यंत पोचतो आणि तिथेच वाढतो. या रोगावरची लस वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या हाफकिन संस्थेचं नाव त्यांचंच. भक्षक पेशींचं काम ज्यांनी १८८२ मध्ये तारामाशाच्या अळीत पाहिलं, ते मेचनिकॉफ हे हाफकिन यांचे गुरू.

शाईदौत :
लसीची बाजू मी सांगतो. नातं आहेच, शब्द एकच आहे. खरचटल्यावर रक्त थांबलं की पाण्यासारखं चिकट पाझरतं ती लस. "फोड फुटून लस वाहतेय" हे आपण आजही म्हणतो. १७९६ मध्ये एडवर्ड जेन्नर यांनी गाईच्या देवी झालेल्या गवळणीच्या हातावरच्या फोडातली लस एका मुलाच्या दंडात घातली. भारतात हे पहिल्यांदा १४ जून १८०२ रोजी मुंबईत झालं, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीवर. मग तिच्या दंडावरच्या फोडातली लस काढून पुढच्या मुलांना टोचली. त्या काळी शीतपेटी नव्हती, एका दंडावरून दुसऱ्या दंडावर असाच तिचा प्रवास चाले. लोकांना ती डोळ्यांनी दिसत होती, म्हणून दुसऱ्या शब्दाची गरजच पडली नाही.

आज कुपीत मेलेला विषाणू असेल नाहीतर नुसता प्रथिनाचा तुकडा, तरी शब्द तोच चालतो. क्रियापदं तेवढी बदलली. पोलिओची लस पाजतात. देवीची मात्र नुसती 'लस' नसे, 'देवी काढणे' म्हणत. 'देवी आल्या' म्हणजे रोग झाला आणि 'देवी काढल्या' म्हणजे टोचून घेतलं. ८ मे १९८० रोजी देवी जगातून गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलं. हा फरक आता तरुण वाचकाला समजावून सांगावा लागतो. जुनं काही वाचताना 'देवी काढल्या'चा अर्थ उलटा लावू नका.

पाणवठा :
'रोगप्रतिकारशक्ती' की 'रोगप्रतिकारक्षमता'? काढ्याच्या प्रत्येक पाकिटावर 'प्रतिकारशक्ती वाढवा' लिहिलेलं असतं. वाढवा म्हणजे नेमकं काय वाढवा?

सूक्ष्मदर्शी :
'शक्ती' रुळलेला शब्द आहे, तो काढायचं कारण नाही. माझा आग्रह इतकाच, की वाक्यात 'कशाविरुद्ध' हेही यावं. १८४६ मध्ये फेरो बेटांवर गोवराची साथ आली. जेमतेम आठ हजार वस्तीत सहा हजारांच्या आसपास लोक आजारी पडले. पीटर पानुम या तरुण डॉक्टरने पाहिलं, की १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर येऊन गेला होता, त्या म्हाताऱ्यांपैकी कोणालाच तो पुन्हा आला नाही. पासष्ट वर्षं टिकलेलं हे संरक्षण फक्त गोवरापुरतं होतं, कांजिण्या किंवा पटकीशी त्याचा संबंध नव्हता. म्हणून 'गोवराविरुद्धची प्रतिकारशक्ती तयार झाली', 'ती टिकली' असं लिहावं. सरसकट 'वाढवा' म्हणणं मला धोक्याचं वाटतं. आमवातात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं, तिथे हीच शक्ती औषधांनी आवरावी लागते. चांगलं खाणं, झोप, लसी हे सगळं हवंच, पण त्याचा एकच आकडा वर-खाली होत नाही.

आणखी एक गफलत वर्तमानपत्रांत सारखी दिसते. 'प्रतिपिंड' किंवा 'प्रतिद्रव्य', म्हणजे इंग्रजीतलं 'अँटिबॉडी', आपलं शरीर बनवतं. 'प्रतिजैविक' हे बाहेरून घ्यायचं औषध, जिवाणूंवर चालणारं, विषाणूंवर नाही. या दोहोंची अदलाबदल झाली की वाचणारा सर्दीला प्रतिजैविक मागतो. मी स्वतः 'प्रतिद्रव्य' वापरते, कारण ते रक्तात विरघळलेलं प्रथिन आहे आणि 'पिंड' म्हटलं की डोळ्यांपुढे गोळा येतो.

गावकूस :
आमच्या उपकेंद्राच्या फलकावर 'धनुर्वात हा संसर्गजन्य रोग आहे' असं लिहिलंय. बदलावं का?

शाईदौत :
बदलाच. संसर्ग म्हटलं की लोकांना शिवाशिव, जवळीक वाटते, आणि मग रुग्णापाशी कोणी बसत नाही. धनुर्वात एकाचा दुसऱ्याला लागत नाही. 'जंतुजन्य' म्हणा. हिवतापाला 'डासांमुळे होणारा', गोवराला 'लागट' किंवा 'संसर्गजन्य', आणि गावात एकदम पुष्कळांना झालं तर 'साथ'.

सूक्ष्मदर्शी :
त्यात एक भर घाला. धनुर्वातातून वाचलेल्याला पुन्हा होणार नाही असं लोक धरून चालतात. पण त्या जंतूचं विष इतक्या थोड्या मात्रेत जीव घेतं, की तेवढ्यावर शरीराची ओळख पक्की होत नाही. बरा झालेल्यालाही लस लागतेच. फलकावर असं लिहिता येईल : "धनुर्वात माणसापासून माणसाला होत नाही. माती, शेण लागलेल्या जखमेतून होतो. जखम साबणाने धुवा, लगेच उपकेंद्रात या आणि मागचं इंजेक्शन कधी घेतलं ते सांगा. पूर्वी धनुर्वात झाला असेल तरी इंजेक्शन घ्या."