अनुभव धागा : तुमच्या घरातलं पहिलं माणूस मनमाडला का उतरलं?

नमस्कार मंडळी. "मनमाड ना, रात्री गाडी बदललीय तिथे" हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलेय. पण स्टेशनाबाहेर ८० हजारांचं गाव आहे (२०११ ची जनगणना) आणि ते गाव वाढलं तेच मुळात स्टेशनामुळे. आधी खेडं. जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची) मुंबईकडची लाईन आली, मग १८७८ ला दौंडची लाईन येऊन मिळाली, १९०० च्या आसपास सिकंदराबादकडून निजामाची मीटरगेज (कमी रुंदीच्या रुळांची लाईन) आली, आणि एवढ्या दिशांच्या गाड्या एका जागी भेटायला लागल्या म्हटल्यावर हमाल आले, ड्रायव्हर-फायरमन आले, खानावळवाले आले, आणि आले ते राहिले.

माझं आधी सांगते. खापरपणजोबा नगरकडचे. १८७६-७७ च्या दुष्काळात शेत गेलं, तेव्हा दौंड-मनमाड लाईनच्या मातीकामाला दुष्काळी माणसं घेत होते तिथे नवराबायको दोघं लागले, असं घरात सांगतात. काम सरकत सरकत मनमाडला येऊन संपलं आणि मागे परत जावं असं काही उरलंच नव्हतं. आता तुम्ही लिहा. चार तास बाकड्यावर बसला असाल तरी लिहा.

*

मी गँगमनची नात. आजोबा हातोडा-पाना घेऊन रोज रूळ चालायचे, पावसात पण, आणि रिटायर झाले तेही गँगमन म्हणूनच. १२-१३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली, अध्यक्ष बाबासाहेब. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे ते इथेच बोलले. पण आमच्या घरात त्या भाषणातला दुसरा भाग जास्त सांगितला जातो. आपला माणूस वर्षानुवर्षं गँगमनच राहतो, त्याला पोर्टर सुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरात काम करावं लागतं आणि तिथे अस्पृश्य चालत नाही, हे बाबासाहेबांनी तेव्हा उघड बोलून दाखवलं. पणजोबा ऐकायला गेले होते. ते म्हणायचे की आपल्या पोटातलं कुणीतरी मोठ्यानं बोललं. गावाचा इतिहास लिहाल तेव्हा हे पहिल्या पानावर घ्या, एवढीच विनंती.

*

आम्ही औरंगाबादचे. आमच्यासाठी मनमाड म्हणजे 'छोटी गाडी' संपायची आणि 'मोठी गाडी' सुरू व्हायची ती जागा. मीटरगेज आणि ब्रॉडगेज, डबेच जुळत नाहीत, त्यामुळे मुंबईला जायचं तर इथे उतरायचंच, आणि माणसाचं एकवेळ ठीक पण मालाचं बघा ना, पोतं न् पोतं एका वाघिणीतून काढून दुसरीत भरायचं, हे सगळं माणसांच्या पाठीवर. आई दशम्या आणि लसणाची चटणी बांधून घ्यायची, मी ट्रंकेवर बसून झोपायचो, आणि हमालमामा आधी माझी झोप मोडायचे मग ट्रंक उचलायचे. नव्वदच्या दशकात लाईन ब्रॉडगेज झाली, आता खाली उतरावंच लागत नाही. सोय झाली हे खरंच. पण त्या पाठींचं काम कुठे गेलं ते कुणाला माहीत असेल तर सांगा.

*

वरच्यांना उत्तर : माझे काका त्यातलेच, ते धान्याच्या गोदामाकडे गेले. एफसीआयचं (सरकारी अन्न महामंडळाचं) मोठं गोदाम आहे मनमाडला, वॅगन लागली की अजूनही हमाल लागतात. बाकी बरीच पोरं जवळच्या पानेवाडीला, ऑइल कंपन्यांच्या डेपोमुळे टँकरवर.

*

वडील रेल्वेच्या इंजिनिअरिंग कारखान्यात फिटर होते. पुलांचे गर्डर बनतात तिथे. त्यामुळे कुठेही प्रवासाला निघालो आणि गाडी पुलावर आली, आवाज बदलला, की वडील वाचत असलेला पेपर खाली ठेवायचे आणि खिडकीतून खाली बघायचे. बोलायचे काही नाहीत. ते गेल्यावर मी पण तसंच बघते.

*

सून म्हणून आले २००३ ला, माहेर निफाड, म्हणजे उसाचं, पाण्याचं. इथे पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी घरातल्या टाक्या, पिंप, हंडे मोजून दाखवले. उन्हाळ्यात नळाला पंधरा पंधरा, कधी वीस दिवसांनी पाणी. वागदर्डी धरण भरलं का हा प्रश्न इथे लोक तब्येत विचारल्यासारखा विचारतात. लाईनी येत गेल्या, माणसं येत गेली, गाव फुगत गेलं, पाणी काही त्या हिशोबानं आलं नाही. भांडी विसळलेलं पाणी मी आजही झाडाला घालते, आता नाशिकला राहते तरी.

*

पंचवटी एक्सप्रेसचा पासवाला, बावीस वर्षं. १९७५ ला सुरू झालेली गाडी, पहाटे अंधारात मनमाडहून निघते. आमच्या डब्यात वाढदिवस, साखरपुड्याचे पेढे, एकाच्या मुलीची दहावीची तयारी सगळं झालं. गावात कारखाना-गोदाम सोडून नोकऱ्या फार वाढल्या नाहीत म्हणून नाशिकला जायचं, आणि घर सुटत नाही म्हणून रात्री परत यायचं.

*

एकच आठवण. १९९६, नांदेडची गाडी चुकली, पैसे संपले, बरोबर आजी. कुणीतरी गुरुद्वाऱ्यात जा म्हणालं. गरम डाळ-रोटी मिळाली, आजीला आत झोपायला जागा दिली, नाव पण नाही विचारलं.

*

धागाकर्ती : गँगमनच्या नातीला, ताई, परिषदेचं घरात अजून कुणाला आठवत असेल, पणजोबांच्या तोंडून ऐकलेलं, तर फोनवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा, मी येऊन लिहून घेईन. आणि मीटरगेजच्या प्लॅटफॉर्मचा फोटो कुणाकडे आहे का? आमच्या अल्बममध्ये माणसं आहेत, मागे गाडी आहे, पण प्लॅटफॉर्म नेमका कापला गेलाय.