क्रिएटीनने ट्रायग्लिसराइड्स खरंच उतरतात का?

उशिरा_लागलेला_नाद: वय ४७. ट्रायग्लिसराइड्स २३५, एकूण कोलेस्टेरॉल २१८. डॉक्टर म्हणाले, तीन महिने खाणं-व्यायाम सांभाळा, मग गोळीचं बघू. ट्रेनर म्हणतो क्रिएटीन (ताकद वाढवायला व्यायामवाले घेतात ती पावडर) घ्या, रक्तातली चरबीपण उतरते, रिसर्च आहे. खरंच आहे, की डबा खपवायचाय?

सीरमवाला: रिसर्च आहे, ट्रेनर हवेत बोलत नाहीये. १९९६ सालचा. ३४ जण, सगळ्यांचं कोलेस्टेरॉल २०० च्या वर. पाच दिवस रोज २० ग्रॅम, मग ५१ दिवस १० ग्रॅम. ट्रायग्लिसराइड्स २३ टक्क्यांच्या आसपास उतरले, कोलेस्टेरॉल पाच-सहा टक्के. पण लोक घेतात ३ ते ५ ग्रॅम, हे तुमच्या ट्रेनरने सांगितलं का? शिवाय २००८ मध्ये निरोगी पुरुषांना तीन महिने व्यायामासोबत रोज साधारण १० ग्रॅम देऊन पाहिलं, तर नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा लिपिडमध्ये (म्हणजे रक्तातल्या चरबीत) काही जास्त पदरात पडलं नाही.

मी लॅबमध्ये आहे. ट्रायग्लिसराइड्स फारच चढले की रक्ताची ट्यूब मशीनमध्ये फिरवल्यावर सीरम (वर राहणारा रक्तातला पातळ भाग) दुधट दिसतं. २३५ ला तसं काही दिसत नाही. आणि हा आकडा भलता चंचल. काहीही न बदलता पुढच्या आठवड्यात वीस टक्के इकडेतिकडे होतो, आदल्या रात्री दारू झाली असेल तर विचारूच नका. त्यामुळे एका रिपोर्टवरून डब्याला श्रेय देऊ नका.

पेशीपुराण: कारण असं सांगतात: शरीर स्वतःही क्रिएटीन बनवतं, आणि ते बनवताना यकृताचे मिथाइल गट (कार्बन-हायड्रोजनचे छोटे तुकडे) खर्च होतात. बाहेरून मिळालं की ते वाचतात आणि फॉस्फॅटिडिलकोलीन (चरबी वाहून न्यायला लागणारा एक स्निग्ध पदार्थ) बनवायला उरतात. त्याच्याशिवाय यकृतातली चरबी बाहेर पडत नाही. उंदरांमध्ये यकृतातली चरबी कमी झालेली दिसली आहे. पण बाहेर पडलेली चरबी जाणार कुठे? रक्तातच की! मला हा दुवा कधीच पटलेला नाही.

उशिरा_लागलेला_नाद: म्हणजे घेऊच नको?

सीरमवाला: ताकदीसाठी घ्यायचं तर घ्या, किडनीचा त्रास नसेल तर. लिपिडसाठी नको. आणि डॉक्टरांना आधी सांगा. क्रिएटीनचं शरीरात क्रिएटिनिन होतं, त्यावरूनच किडनीचं काम जोखतात; मग रिपोर्टमध्ये आकडा थोडा वर दिसतो आणि किडनीचा उगाच घोर लागतो. शंका आलीच तर सिस्टॅटिन सी करतात, ही किडनीची दुसरी रक्त तपासणी, क्रिएटीनने ती बिघडत नाही.

उशिरा_लागलेला_नाद: बरं. तीन महिन्यांची तपासणी आधी, डबा मग.