मदत हवी आहे: समिटचे बूट भाड्याने कुठे मिळतील? (अर्जंट)

अनवाणी
नमस्कार. आमचा ग्रुप ट्रेक १९ दिवसांवर आलाय. यादीत "डबल लेयर समिट बूट, क्रॅम्पॉन बसणारे" असं लिहिलंय, म्हणजे बर्फात बुटाखाली बांधायचे काटे बसतील असे. लक्ष्मी रोडपासून कॅम्पापर्यंत सगळं पालथं घातलं. दुकानदार साधे ट्रेकिंग शूज काढतो आणि म्हणतो, "मॅडम, सगळे हेच नेतात." पुण्यात भाड्याने कुठे मिळतील? "गुगल करा" म्हणू नका, केलंय.

वेताळटेकडी
कुठला ट्रेक? उंची किती? केदारकांठ्यासारखा सोपा ट्रेक असेल तर दुकानदाराचं बरोबर आहे.

निवृत्त_पण_चालू
आम्ही १९८८ साली कळसूबाई हंटर शूजवर केली. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. पहाटे बारी गावातून निघालो, नऊला देवीपुढे नारळ फोडला. हल्ली बूट आधी येतात, पाय नंतर.

अनवाणी
काका, कळसूबाई तीनदा झालीये. हा कांग यात्से २ आहे, लडाख, ६२५० मीटर. मला वाटलं लिहिलंय. आता बुटांचं सांगा ना कोणीतरी.

कडेकपारी
पुण्यात वेळ घालवू नका. लेहच्या बाजारात भाड्याने मिळतात, क्रॅम्पॉनसकट. तिथेच घातलेले बरे, कारण क्रॅम्पॉन त्याच बुटाला बसतोय का ते समोर बघता येतं. तुमचा नंबर काय?

अनवाणी
४.

कडेकपारी
अहो ताई, हे पहिल्या ओळीत हवं होतं! भाड्याचे बूट बहुतेक पुरुषांच्या मापाचे. आजच लेहला फोन लावून ४ नंबर बाजूला ठेवायला सांगा. मोठा बूट तीन मोजे घालून भरू नका. मी भरला होता. रात्री बाराला निघालो, तासाभरात टाच आत वरखाली व्हायला लागली, आणि पहाटे बूट काढला तर मोजा टाचेला चिकटलेला. घट्टही नको, रक्त पोचत नाही आणि बोटं गार पडतात. दुकानात आतला मऊ बूट काढून बाहेरच्या कवचात नुसता पाय घाला, बोटं पुढे टेकवा. टाचेमागे एक ते दीड बोट जागा हवी. मग सगळं घालून उताराच्या पायरीवर जोरात दोन पावलं टाका. बोटं पुढे आपटली तर दुसरा जोड मागा, लाजू नका.

खोचक
शिखराचं नाव चौथ्या प्रतिसादात, बुटाचा नंबर सहाव्यात. कार्यक्रम विसाव्यात कळणार का?

अनवाणी
कार्यक्रमाचा आणि बुटाचा काय संबंध? तरी देते. सोसायटीतले नऊ जण आहोत. शनिवारी विमानाने लेह, रविवारी गाडीने खारदुंग ला खिंड. सोमवारी स्किऊ, मंगळवारी मार्खा, बुधवारी हांकर, गुरुवारी बेस कॅम्प, त्याच मध्यरात्री समिट. शनिवारी लेहला परत, रविवारी विमान. सगळ्यांना पाचच रजा आहेत.

वेताळटेकडी
बूट राहू द्या बाजूला. पुणे ५६० मीटरवर, लेह साधारण ३५००. तिथे उतरलात की विरळ हवेची सवय व्हायला दोन दिवस नुसतं पडून राहायचं, पाणी प्यायचं, फार तर बाजारात फिरायचं. तुम्ही दुसऱ्याच दिवशी पाच हजारांच्या वर चाललात. आणि हांकर ते बेस कॅम्प हा एका दिवसात जवळजवळ हजार मीटरचा चढ. तीन हजारांच्या वर झोपायची जागा रोज पाचशेपेक्षा जास्त वाढवू नये, असा नियम आहे. तुमच्याकडे विश्रांतीचा दिवस नाही, हवा बिघडली तर राखीव दिवसही नाही. हा कार्यक्रम कोणी केला?

अनवाणी
माझ्या दिरांनी. ते दोनदा कात्रज ते सिंहगड गेलेत, रात्रीचे. आम्ही सगळे दर रविवारी आतकरवाडीहून सिंहगड चढतो, पाठीवर दहा किलो घेऊन. फिटनेस आहे हो.

निवृत्त_पण_चालू
दिरांशी सहमत. सराव असला की सगळं जमतं. गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेची मंडळी २०१२ ला एव्हरेस्टवर आणि २०१९ ला कांचनजुंगावर गेली ती पुण्यातूनच ना? इथे कुठे बर्फ आहे?

वेताळटेकडी
काका, ती मंडळी पाच रजांमध्ये जाऊन आली नाहीत.

खोचक
:)

पर्वती_१०३
पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज दहा वेळा. मांड्या लोखंडासारख्या होतात. आणि उंचीवर कच्चा लसूण चघळायचा, गोळ्या अजिबात नकोत.

गोळीवाला
मांडी लोखंडाची असली तरी विरळ हवेची सवय वेगळी. साडेपाच हजारांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो आणि तिथे धट्टेकट्टेही आडवे होतात, कारण ते दामटून चालतात. लसणाने तोंडाला वास येतो, बस. उंचीच्या त्रासावरची गोळी, डायमॉक्स, साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दोन वेळा देतात, चढायच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त होतं आणि सोडा पाणचट लागतो. पण गोळी घेतली म्हणून वेळापत्रक माफ होत नाही. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर वर जायचं नाही. वाढलं तर त्याच क्षणी खाली.

अनवाणी
माझ्या नवऱ्याला सल्फाची ॲलर्जी आहे. त्याचा काही संबंध आहे का?

गोळीवाला
आहे!! डायमॉक्स त्याच कुळातली. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ देऊ नका. अजून काही सांगायचं राहिलंय का?

निवृत्त_पण_चालू
यापेक्षा स्टोक कांगरी करा, सोपा आहे, ६१५३ मीटर. लेहहून जवळ.

कडेकपारी
काका, तो स्टोकच्या गावकऱ्यांनी २०२० पासून बंद केला. गावाचं पाणी त्याच ओढ्यातून येतं, गर्दीने घाण होत होतं.

भाकरतुकडा
अवांतर: तिकडे बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड न्या. अतिअवांतर: सिंहगडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही हल्ली कुठे चांगलं मिळतं?

अनवाणी
काल रात्री सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक झाली. वेताळटेकडींचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. दीर म्हणाले, "फोरमवरच्या लोकांना काय कळतंय." मग जाऊबाईंनी विचारलं की मधे कोणाला झेपलं नाही तर त्याच्याबरोबर खाली कोण येणार. त्यावर कोणी बोललं नाही. शेवटी खारदुंग ला कापला, तीन रजा वाढवल्या. लेहमध्ये पहिले दोन दिवस आराम, हांकर आणि बेस कॅम्पच्या मधे निमालिंगला एक मुक्काम आणि एक दिवस राखीव. दोघांना रजा मिळाली नाही, ते गळाले. नवऱ्याची डॉक्टरांची वेळ शुक्रवारची आहे.

बूट: लेहमधल्या दुकानदाराने ५ नंबर आहे म्हणून सांगितलं, ४ बघतो म्हणालाय. सात जणांची परतीची तिकिटं बदलायला जे पैसे गेले, त्यात नवा कोरा जोड आला असता.

कडेकपारी
त्या ५ नंबरची कंपनी विचारून घ्या. काहींचा ५ आपल्या ४ एवढाच असतो.

भाकरतुकडा
पिठल्याचं राहिलंच.